कोठडीतला लोकरवाला

त्या तपासाची आठवण निघाली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, अंगणात दोन-चार चकरा मारतो. बायको आतून विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, काही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सडलेली प्रेतं विहिरीतून काढली. त्यातलं बरंचसं विसरून गेलो. हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. तुम्ही ठाण्याच्या दप्तरात शोधलंत तर कोठडीत कोणाला ठेवलं याचा एक कागदही सापडणार नाही, कारण तो मी होऊच दिला नाही.

मी तेव्हा फौजदार होतो. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. माझं ठाणं शहरापासून लांब, वेरूळ-खुलताबादच्या डोंगरपट्ट्यात होतं. चौदा माणसं, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप, एक कोठडी आणि दारात कडुनिंब. सकाळी हजेरी, मग बीटवर माणसं पाठवायची, दुपारी समन्स आणि वॉरंटं. एरवी शेताच्या बांधावरून डोकी फुटण्यापलीकडे आमच्याकडे काही घडत नसे.

त्या दिवसांत मात्र शहरात दगडफेक होऊन संचारबंदी लागली होती. आमचा पट्टा शांत होता, पण रोज नवी अफवा घाट चढून यायची. अमक्या गावात ट्रक भरून माणसं उतरली, तमक्या देवळावर चाल करून येणार आहेत. मी हवालदारांना पिटाळायचो. ते परत येऊन सांगायचे, "सायेब, काय नाय. कांद्याचा ट्रक व्हता." तरी जीवाला चैन नव्हतं.

इथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगणं भाग आहे. रझाकारांच्या काळात आमच्या गावावर धाड आली आणि माझे थोरले चुलते मारले गेले. वडील बायकापोरांना घेऊन निजामाची सरहद्द ओलांडून नगर जिल्ह्यात गेले आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर परतले. मी त्यानंतर जन्मलो. जेवताना वडील हमखास सांगत, "आपलं आपणच राखायचं, दुसरा कोणी येत नाही." हे ऐकतच मी मोठा झालो आणि खरं सांगायचं तर पोलिसात गेलो तोही त्याच ओढीने. अंगावर वर्दी चढल्यावर सरकारची चाकरी मिळाली म्हणून आनंद झालाच, पण त्याहून मोठा आनंद होता की आता आपल्या माणसांची राखण आपल्या हातात आली.

एका रविवारी सकाळी डोंगरापलीकडच्या गावातून पाच-सहा तरुण ठाण्यात आले. त्यांच्या खंडोबाचा पंचधातूचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला होता. गावात निम्मी वस्ती धनगरांची, बाकी शेतकरी. सगळ्यांचा देव एकच. या पोरांचा म्होरक्या शहरात कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीला फटफटीवर गावी यायचा. डोळे रडून लाल झालेले. तो ढोंगी नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो असतो आणि आजही म्हणतो.

"सायेब, देवाला हात लावला त्यांनी," तो म्हणाला. "तीन दिसांनी खुलताबादला बाजार हाय. तवर मुखवटा आला तर ठीक, नायतर सहा गावची माणसं बाजारात उतरतील. मग आमास्नी काय बोलू नका."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

"तुमाला ठावं नाय व्हय?" असं म्हणून तो माझ्याकडे पाहत राहिला. मला ठाऊक होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं.

जागेचा पंचनामा मी स्वतः केला. देवळाला कुलूप कधी नव्हतंच, साधी कडी. आत दोन भारी पितळी समया होत्या, घंटा होती, सगळं जागच्या जागी. नेला होता तो फक्त मुखवटा. नवा शिपाईसुद्धा सांगेल की मुखवट्यावर डल्ला मारणारा भुरटा चोर समई सोडून जात नाही. मी ते पाहिलं, पंचनाम्यात लिहिलंही, "दोन समया जागेवर आढळल्या". पुढे मात्र काही विचार केला नाही.

कारण तोवर माझ्या बीट हवालदाराने खबर आणली होती. घाटातल्या चहाच्या टपरीवाल्याने त्याला सांगितलं की खुलताबादचा एक लोकरवाला शनिवारी दिवस मावळताना त्या देवळाकडून घाईघाईने आला, चहासुद्धा न घेता निघून गेला. हा लोकरवाला मुसलमान, पन्नाशीचा. धनगरांकडून लोकर घ्यायची आणि घोंगड्या विणणाऱ्यांना पोचवायची हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. वाडी-वस्तीवर प्रत्येक मेंढवाडा त्याला माहीत होता. मला एवढं पुरेसं झालं. दुपारी मी त्याला घरातून उचलला.

कायद्याने चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभा करायला हवा होता. मी स्टेशन डायरीत त्याची नोंदच केली नाही. "चौकशीला बोलावलाय" असं त्याच्या भावाला सांगितलं. तो भाऊ सायकल कडुनिंबाला टेकवून, मांडीवर डबा घेऊन झाडाखाली बसला तो बसलाच.

चौकशीत मी विचारलं, "शनिवारी गावात कशाला गेला होतास?"

"लोकर कातरनेका दिन ठराने गया था, साहब. दर साल जाता हूं."

"देवळाकडे गेला होतास?"

"वाटच देवळावरनं जाते ना साहब."

"काय पाहिलंस तिथे?"

इथे तो थांबला. फार नाही, एक श्वास. मग खाली बघत म्हणाला, "कुछ नै देखा."

अनुभवी अधिकारी तो एक श्वास सोडत नाही. हा काहीतरी लपवतोय याची मला खात्री झाली, आणि त्यात मी चुकलो नव्हतो. मग मी त्याला मारलं. हवालदाराला सांगितलं नाही, स्वतः मारलं, तळपायांवर. रविवारी मारलं, सोमवारी मारलं. तो ओरडला, रडला, आईची आठवण काढली, पण शनिवारी काय पाहिलं या प्रश्नावर "कुछ नै देखा" याच्या पुढे सरकला नाही. दर वेळी माझा राग वाढायचा. मला वाटायचं, केवढा निर्ढावलेला आहे हा! आता लाज वाटते ती मारण्याची तर वाटतेच, पण मारताना मला जे पुण्य लागल्यासारखं वाटत होतं त्याची जास्त वाटते.

मंगळवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बाजार. वरिष्ठांकडे जादा कुमक मागितली तर उत्तर आलं की शहरातून माणूस हलवता येत नाही. चौदा जणांत मी बाजार कसा सांभाळणार होतो? घराघरांतून काठ्या निघाल्याची बातमी होती. मी कोठडी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होतो. अशा वेळी त्याच गावचा एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. मला त्याचा असा वैताग आला की सांगता सोय नाही.

"सायेब, आमच्या म्हाताऱ्या धनगराला जरा दम द्या," तो म्हणाला. म्हणजे देवळात खंडोबाची पूजा करणारा म्हातारा. गावात त्याला सगळे बाबा म्हणत. त्याची शंभरेक मेंढरं होती. "दोन दिस शेजारच्या रानात मेंढरं बसवून सोमवारी माझ्या रानात यायचा बोल झाला व्हता. मी नांगर थांबवून बसलो. आज मंगळवार, पर बाबा जागचा हालत नाय."

आमच्याकडे उन्हाळ्यात धनगर आपली मेंढरं शेतकऱ्याच्या रानात रात्रीची बसवतो. लेंड्या आणि मुताने जमिनीला खत मिळतं. काटेरी फांद्यांचा गोल वाडा करायचा, एक-दोन रात्री बसवायचं, की वाडा उचलून पुढच्या रानात. एका जागी जास्त दिवस कोणी ठेवत नाही. लेंड्यांचा थर साचतो, मेंढरांचे खूर सडतात. हे धनगराच्या लहान पोरालाही कळतं.

"असेल काही अडचण," मी म्हणालो.

"कसली अडचण? मेंढरामागं सुनंला धाडतो अन् आपण दिसभर रिकाम्या वाड्यात बसून ऱ्हातो, ऐन उन्हात. रिकाम्या वाड्यात कशाची राखण करतोय, तुमीच सांगा!"

मी त्याला जायला सांगितलं. पण तो दारापर्यंत पोचला नसेल तोच त्याचा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात घुमला: रिकाम्या वाड्यात कशाची राखण? जागेवर राहिलेल्या त्या दोन समया आठवल्या. मी टोपी उचलली आणि हवालदाराला जीप ढकलायला लावली.

म्हातारा खरंच रिकाम्या वाड्याच्या मधोमध, लेंड्यांवर घोंगडी टाकून बसला होता. ऊन मी म्हणत होतं.

"राम राम बाबा. मेंढरं कुठं?"

"सून घेऊन गेली."

"मग तुम्ही उन्हात का? त्या बाभळीखाली बसा की."

"हितंच बरं हाय."

हवालदार पुढे झाला आणि घोंगडीचं टोक धरलं. म्हातारा तिथेच पालथा पडला. दोन्ही हात पसरून जमिनीला मिठी घातली. "माज्यावरनं खोदा," म्हणाला. हवालदार माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला जीपकडे पाठवलं, बूट काढले आणि म्हाताऱ्याजवळ लेंड्यांत बसलो.

मग तोच सांगू लागला. रझाकारांच्या वेळी त्याच्या बापाने हाच मुखवटा मेंढवाड्याखाली पुरला होता. वर शंभर मेंढरं उभी राहिली की खोदल्याची खूण एका रात्रीत बुजते. बापाला धरून नेलं, देव कुठाय म्हणून विचारलं, हाताची बोटं मोडली. बाप बोलला नाही. पोलीस ॲक्शन झाल्यावर देव परत देवळात बसला, बोटं मात्र वाकडीच राहिली.

"देव झाकला की तोंड बी झाकायचं, असं बा सांगून गेला," म्हातारा म्हणाला. "बायकोला सांगायचं नाय, लेकाला सांगायचं नाय."

"पण आता कोण येणार होतं बाबा?"

"मला काय ठावं? पोरं रोज पारावर सांगत व्हती, येणार, येणार. शहरात पेटलंय. म्या म्हनलं, बानं केलं तेच करावं."

"मग पोरांना तरी सांगायचं. ती राखायलाच तर निघालीत."

"त्येंला सांगितलं असतं तर काठ्या घेऊन हितं बसली असती. काठीवाला दिसला की येणारा-जाणारा इचारतो, आत काय हाय."

या बोलण्यात चूक काढायला मला जागा सापडली नाही. मी म्हणालो, "बाबा, खुलताबादचा लोकरवाला तीन दिवस माझ्या कोठडीत आहे."

म्हातारा उठून बसला. "अजून? म्या म्हनलं, त्याच्यापाशी काय सापडणार नाय, दोन सवाल इचारून सोडत्याल."

"नाही सोडला. उद्या पोरं बाजारात उतरणार आहेत. त्याचं घर बाजाराला लागूनच आहे."

"मारला का त्याला?"

मी दुसरीकडे बघितलं. मग म्हणालो, "मारला."

"माज्या बाला मारणारा बी वर्दीतच व्हता," म्हातारा म्हणाला. आवाज चढला नव्हता. एखादी माहिती द्यावी तसं तो बोलला. मला तिथून उठून चालू लागावंसं वाटलं.

त्यानेच घोंगडी बाजूला केली आणि हातांनी उकरायला सुरुवात केली. हातभर खाली लोकरीच्या जुन्या कांबळ्यात मुखवटा होता, भंडाऱ्याने पिवळा झालेला. तो बाहेर आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पहिल्या क्षणी मला झाली ती निराशा. दोन दिवस ज्याला चोर म्हणून मारलं तो चोर नव्हता, आणि माझ्यातल्या कोणाला तरी तो चोर हवा होता.

मुखवटा सीटवर ठेवायला म्हातारा तयार होईना. "देव गाडीत बसत नाय, डोक्यावर बसतो," म्हणाला आणि स्वतः जीपमध्ये बसून, देव दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, सगळ्या खडकाळ रस्त्याने आला. दर खड्ड्याला हवालदार "सांभाळा बाबा, सांभाळा" करत होता.

देवळासमोर दोनेकशे माणूस जमला. म्हाताऱ्याने मुखवटा जागेवर बसवला, पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "देव म्या झाकला व्हता. चोर बीर कोण नाय."

"पोलिसांनी बोलायला लावलं!" मागून कोणीतरी ओरडलं. म्हाताऱ्याने वळून मुखवट्यावर हात ठेवला, शपथ घेतली आणि बापाची गोष्ट पुन्हा सांगितली. त्या शपथेपुढे गावात कोणी बोलत नसे. मी गर्दीतले चेहरे बघत होतो. पुष्कळांनी हात जोडले, बायका रडल्या. पण काही चेहऱ्यांवर आधी निराशाच उमटली. मला ती लगेच ओळखता आली. पोरांचा म्होरक्या खाली मान घालून उभा होता. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "त्या माणसाला लई लागलं का सायेब?" मी जीपकडे वळलो. दुसऱ्या दिवशी बाजार भरला. रोजच्यासारखा.

त्या मंगळवारी देवळापासून मी ठाण्याकडे निघालो तर म्हातारा परत जीपमध्ये येऊन बसला. "मला त्याच्याकडं न्या," एवढंच म्हणाला.

दिवस मावळायला आला होता. कोठडी उघडली. लोकरवाल्याला पायावर उभं राहता येईना, म्हणून भावाने त्याला धरून बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. म्हातारा त्याच्यासमोर जमिनीवर बसला. दोघांची ओळख तीस वर्षांची. म्हाताऱ्याने त्याचे सुजलेले पाय पाहिले, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"देव घरला आला," म्हातारा म्हणाला.

"अच्छा हुआ बाबा."

"तू शनिवारी मला वाटंत भेटला व्हता. माज्या डोक्यावर कांबळं व्हतं, वाड्याकडं चाललो व्हतो. भंडारा सांडत व्हता वाटंनं. तू बघितलं, अन् वाट सोडून बाजूला झालास." म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "मग ह्यांना सांगितलं का नाय? एवढा मार खाल्लास, सांगायचं व्हतं की!"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. चौकशीतला तो एक श्वास म्हणजे हे होतं. याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

लोकरवाला आधी म्हाताऱ्याला म्हणाला, "तुमी देव छुपाया बाबा. तुमच्या देवाची जागा मी कशी सांगू?" मग त्याने माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा थेट डोळ्यांत बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "आणि साहब, मी सांगितलं असतं, तिथं खोदा. तुमी खोदलं असतं. देव निघाला असता. फिर तुम क्या बोलते?"

मी शिपायाला चहा सांगितला. चहा आला, तो त्याने घेतला नाही. भावाने त्याला सायकलवर बसवलं आणि दोघे निघाले. म्हातारा सायकलला हात लावून फाटकापर्यंत चालत गेला. मी खुर्चीत बसून होतो. माफी मागायला हवी होती. फौजदाराने कोठडीतल्या माणसाची माफी मागायची नसते असं तेव्हा वाटायचं. नंतर एकदा त्याच्या घरापर्यंत गेलो आणि दारावरून परत फिरलो. पुढे बदली झाली आणि सुटलो असं वाटलं. सुटलो नाही.

लोक मला विचारतात, नोकरीने काय शिकवलं? मी कायदा, पुरावा, माणसांची पारख वगैरे सांगतो. या प्रकरणाने जे शिकवलं ते सांगत नाही, कारण ते सांगायचं तर आधी स्वतःचा गुन्हा सांगावा लागतो. आपल्या माणसांची राखण करणं वाईट नाही. मीही त्याच ओढीने वर्दी घातली होती. पण मी राखणीला बसलो तेव्हा चोर कोण ते आधीच ठरवून बसलो होतो. मग समोरचा खोटं बोलला काय आणि खरं बोलला काय, मला एकच ऐकू येणार होतं. त्या लोकरवाल्याने ते माझ्याकडे पाहताक्षणीच ओळखलं. म्हाताऱ्याचा बाप गप्प राहिला कारण विचारणारा परका होता. हाही गप्प राहिला. फरक एवढाच, की या खेपेला तो परका मी होतो.

त्याच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं. त्याने जागा दाखवली असती, देव निघाला असता, आणि मी टेबलावर कागद ओढून, जराही न अडखळता, वळणदार अक्षरात लिहिलं असतं: "आरोपीने स्वखुशीने काढून दिलेला मुद्देमाल दोन पंचांसमक्ष जप्त केला."